नवोदय प्रवेश परीक्षेची तयारी : पाचवीचा वर्ग पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग वाट्याला आला की शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात कोणी ना कोणी पालक फाटकाशी थांबवून विचारतो, "सर, यंदा नवोदयला किती पोरं बसवणार?" नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते, कारण डी.एड.च्या अभ्यासक्रमात या परीक्षेबद्दल काही शिकवलेले नसते, आणि शाळेतील आधीचे शिक्षक बदली होऊन गेलेले असतात. बाजारातील एखादे जाडजूड गाईड आणून त्यातील प्रश्न फळ्यावर लिहीत सुटणे हा मग सर्वांत सोपा मार्ग वाटतो.

तो मार्ग का पुरत नाही, हे पुढील टप्प्यांमधून स्पष्ट होईल. पाचवीची मुले या परीक्षेत गणित न आल्यामुळे जितकी मागे पडतात, त्याहून अधिक प्रश्न अर्धवट वाचल्यामुळे, शेजाऱ्याकडे पाहत राहिल्यामुळे, एका जागी दोन तास बसण्याची सवय नसल्यामुळे आणि उत्तर भलत्याच रकान्यात रंगवल्यामुळे मागे पडतात. म्हणून वर्गातील वर्तन आणि परीक्षेची तयारी ही दोन वेगळी कामे आहेत असे न मानता एकाच वेळापत्रकात बसवावीत, असे माझे मत आहे आणि या लेखाची मांडणीही तशीच केली आहे.

१. परीक्षा काय मागते, ते आधी स्वतः समजून घ्या

जवाहर नवोदय विद्यालये केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील नवोदय विद्यालय समिती चालवते. प्रायोगिक तत्त्वावरील पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे होते आणि दुसरे आपल्या अमरावतीला. ही सहावी ते बारावीपर्यंतची, मुलामुलींची एकत्र, निवासी विद्यालये असून तेथील शिक्षण केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार होते.

सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत शिकणारी मुले परीक्षा देतात. प्रश्नपत्रिका १०० गुणांची, ८० प्रश्नांची आणि २ तासांची असते. मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्न व ५० गुण, अंकगणितात २० प्रश्न व २५ गुण आणि भाषेत २० प्रश्न व २५ गुण अशी विभागणी आहे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण येतो. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिन्ही विभागांत विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते. "आमचा आकृत्यांत पक्का आहे, भाषेचं चालेल" असे पालक म्हणू लागले तर ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्या.

जागांबद्दलही सुरुवातीपासून खरे बोलावे. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुलांची निवड होते आणि साधारणपणे एका जिल्ह्यात एकच विद्यालय असते. त्यातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. एका जिल्ह्यातून परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या हजारांत असते, हे ध्यानात घेतले तर "नंबर लागणे" हे आपल्या वर्गातील एखाददुसऱ्या मुलाच्याच वाट्याला येणार, आणि काही वर्षी कोणाच्याच येणार नाही, हे शिक्षकाने मनाशी स्वीकारलेले बरे. तयारीचा लाभ मात्र सर्व मुलांना व्हायला हवा.

त्यामुळे एक ठाम सूचना करतो: वर्गातून चार "हुशार" मुले वेगळी काढून त्यांची नवोदयची तुकडी करू नका. उरलेल्या मुलांना त्याच दिवशी कळते की गुरुजींनी आपल्याला सोडून दिले आहे, आणि त्यानंतर वर्गात जी दंगल सुरू होते ती कोणत्याही नियमाने आवरत नाही.

२. वेळापत्रक मागून पुढे आखा

परीक्षेची तारीख दरवर्षी बदलते. २०२५ च्या प्रवेशाची परीक्षा आपल्याकडे १८ जानेवारी २०२५ रोजी झाली, तर त्याच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची परीक्षा १३ डिसेंबर २०२५ रोजीच उरकली. याचा अर्थ असा की दिवाळीच्या सुट्टीनंतर जोर लावू, हा हिशेब आता धोक्याचा आहे. माझ्या मते नवा भाग शिकवून दिवाळीपूर्वी संपवावा आणि सुट्टीनंतरचे आठवडे केवळ सराव व दुरुस्तीसाठी ठेवावेत. आपल्या शाळेत चौथी आणि पाचवी एकत्र बसत असतील, आणि दोनशिक्षकी शाळेत ते व्हायचेच, तर आकृत्यांचा तास दोन्ही वर्गांना मिळून घ्यावा. चौथीच्या मुलांना त्यातील बरेच जमते आणि पुढच्या वर्षीची निम्मी पायाभरणी आपोआप होते.

३. अर्ज भरताना

अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला कोणतेही शुल्क नाही. अलीकडच्या वर्षांत अर्ज जून-जुलैच्या सुमारास सुरू झालेले आहेत, म्हणून शाळा उघडताच पुढील कागद जमवायला घ्यावेत:

• संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्र, ज्यावर विद्यार्थ्याचे छायाचित्र, विद्यार्थी व पालक यांच्या सह्या आणि मुख्याध्यापकांची सही व शिक्का असतो
• विद्यार्थ्याचे अलीकडचे छायाचित्र
• विद्यार्थ्याची आणि पालकाची सही, दोन्ही स्वतंत्र कोऱ्या कागदांवर
• आधार कार्ड आणि रहिवासाचा पुरावा
• शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख आणि तिसरी, चौथी, पाचवी या इयत्तांच्या नोंदी
• लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला

कागद जमले तरी अर्ज चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे नाव. जनरल रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरे आणि आईच्या तोंडी तिसरे, अशी स्थिती बऱ्याच मुलांची असते. आधारमधील दुरुस्तीला वेळ लागतो, त्यामुळे जूनमध्येच सर्व मुलांची आधार कार्डे मागवून रजिस्टरशी ताडून पाहावीत.

दुसरी जागा ग्रामीण-शहरी या रकान्याची आहे. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. वडिलांच्या कामासाठी कुटुंब काही महिने शहरात गेले आणि मुलाचे नाव तेथील शाळेत घातले गेले, तर तो मुलगा शहरी गटात मोडतो. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांबाबत ही चौकशी आवर्जून करावी.

जिल्ह्याचीही अट आहे. मूल ज्या जिल्ह्याचे रहिवासी आहे आणि ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकत आहे, त्याच जिल्ह्यातील विद्यालयासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे मामाच्या गावचा पत्ता देण्याची युक्ती चालत नाही. तसेच ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. माध्यमाच्या रकान्यात मराठी निवडले आहे ना, हे अर्ज पाठवण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे, कारण घाईत भलतेच माध्यम निवडले गेले तर मुलासमोर न समजणाऱ्या भाषेतील प्रश्नपत्रिका येते. मुदतीनंतर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात खरे, पण ती दुरुस्ती मोजक्याच रकान्यांपुरती असते.

अर्ज तालुक्याच्या दुकानातून भरून घेतला जात असेल तर मोबाइल क्रमांक पालकाचाच द्यायला सांगावे. दुकानदाराने आपला क्रमांक टाकला की पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. भरलेल्या अर्जाची छापील प्रत आणि नोंदणी क्रमांक शाळेच्या एका वहीत जन्मतारखेसह लिहून ठेवावा, प्रवेशपत्र उतरवून घेताना तोच लागतो.

४. वर्गाची घडी बसवा

आता मुख्य कामाकडे येऊ. आपल्या शाळांतील मुले सतरंजीवर किंवा बस्करावर बसतात, पाणी प्यायला हवे तेव्हा उठतात, "सर, एकीला जाऊ?" म्हणून अर्ध्या तासाला एक बोट वर होते आणि उत्तर आले की ते ओरडून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. यात वाईट काही नाही, लहान मुले अशीच असतात. परंतु परीक्षेच्या दिवशी हीच मुले तालुक्याच्या एखाद्या हायस्कुलात अनोळखी बाकावर, अनोळखी पर्यवेक्षकासमोर दोन तास बसणार असतात, आणि त्या दोन तासांसाठी लागणारी शिस्त आदल्या आठवड्यात शिकवता येत नाही.

बसण्याची सवय टप्प्याटप्प्याने वाढवावी. जूनमध्ये परिपाठ संपल्यावर १५ मिनिटे संपूर्ण शांततेत वाचन किंवा लेखन असावे, आणि त्या वेळात शिक्षकानेही वर्गात फिरत न बसता स्वतः काही वाचावे, कारण गुरुजी बोलत राहिले तर मुलेही बोलतात. पोळ्यापर्यंत हा वेळ अर्ध्या तासावर, नवरात्रापर्यंत तासावर आणि सराव चाचण्या सुरू झाल्या की दोन तासांवर न्यावा. शाळेत बाक नसतील तर जवळच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती करून दोन-तीन शनिवारी तेथील एक खोली मिळवावी. पाय लोंबकळत ठेवून दोन तास लिहिणे बस्करावर वाढलेल्या मुलाला किती जड जाते, ते पहिल्या वेळी पाहिल्यावर कळते.

वेळेचीही एक गोष्ट आहे. ही परीक्षा सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड या वेळेत होत आली आहे, आणि आपल्या बऱ्याच शाळांत याच सुमारास पोषण आहाराच्या खिचडीचा वास वर्गात येऊ लागतो. सराव चाचणी सकाळच्या प्रहरी घेतली तर मुले ताजीतवानी असतात आणि गुण चांगले दिसतात, पण ते गुण फसवे असतात. म्हणून चाचणी नेमकी साडेअकरालाच सुरू करावी, त्या दिवशी मुलांना घरून भाकरी-भाजी खाऊन येण्यास सांगावे आणि आहार शिजवणाऱ्या ताईंना तेवढ्या दिवसापुरते जेवण दीडनंतर वाढण्याची विनंती करावी.

ओरडून उत्तर देण्यावर पाटीइतका चांगला उपाय मला सापडलेला नाही. प्रश्न विचारावा, प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरावी, आणि "दाखवा" म्हटल्यावर सर्वांनी एकदम फिरवावी. हुशार मुलाला उत्तर आधी फोडता येत नाही, मागे बसणाऱ्या मुलीलाही स्वतःचे उत्तर लिहावेच लागते, आणि कोणाचे काय चुकले ते शिक्षकाला एका नजरेत दिसते. हळूहळू उत्तर येऊनही गप्प राहण्याचा संयम मुलांच्या अंगी येतो.

शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याच्या सवयीकडे चोरी म्हणून पाहू नये. गावातील मुले खाऊ वाटून खातात, पेन्सिल वाटून घेतात आणि त्याच मायेने उत्तरही वाटतात. त्यांना समजावून सांगावे लागते की चाचणीतील उत्तर गुरुजींना तुझी अडचण सांगते, आणि ते दुसऱ्याचे असेल तर तुझी अडचण मला कळणारच नाही. शेजारी बसलेल्या दोघांना प्रश्नांचा क्रम वेगळा असलेल्या दोन प्रती दिल्या की या समजावण्याला आधार मिळतो आणि कोणाला पकडण्याची वेळच येत नाही.

शिक्षेबाबत नव्या शिक्षकाच्या मनात कोणताही संदेह असू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई आहे. "पूर्वी आम्हीही छड्या खाल्ल्या, म्हणून शिकलो" असे गावातील वडीलधारे आपल्याला सांगतील, आणि काही पालक तर "हाणा, सर, आमची हरकत नाही" अशी मुभाही देतील. ती मुभा देण्याचा अधिकार त्यांना नाही आणि घेण्याचा आपल्याला नाही. उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, चाचणीत कमी गुण मिळालेल्यांना दाराबाहेर बसवणे आणि "ढ" किंवा "मठ्ठ" असे शब्द वापरणे, हे सगळे टाळायचे आहे. याच अधिनियमाच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, त्यामुळे नवोदयचे जादा तास घेतले तर ते विनामूल्य, शाळेतच आणि मुख्याध्यापकांच्या माहितीने घ्यावेत. संध्याकाळी तास लांबला तर वस्तीवर राहणाऱ्या मुली एकट्या घरी जाणार नाहीत, ही व्यवस्था आधी करावी आणि ती होत नसेल तर तास सकाळी घ्यावा.

दंगा करणाऱ्या मुलाला काम द्यावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण काम कोणते हे कोणी सांगत नाही. चाचणी लवकर संपवून बाकावर ठेका धरणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला पुढच्या चाचणीसाठी स्वतः दोन प्रश्न तयार करायला लावावेत, चारही पर्यायांसह. चुकीचे पर्याय विचारपूर्वक कसे रचले जातात हे त्याला त्यातून कळते, आणि तो स्वतः फसण्याचे प्रमाण लक्षणीय कमी होते.

५. तिन्ही विभागांची तयारी

मानसिक क्षमता चाचणीला निम्मे गुण आहेत आणि ती पूर्णतः आकृत्यांची असते: वेगळी आकृती ओळखणे, तंतोतंत जुळणारी आकृती, अपूर्ण आकृती पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून तयार होणारी आकृती आणि लपलेली आकृती. यांपैकी निम्मे प्रकार फळ्यावर शिकवताच येत नाहीत. घडीच्या प्रश्नांसाठी रद्दी कागद आणि कार्यालयातील पंच मुलांच्या हाती द्यावा, प्रत्येकाने स्वतः घडी घालून, छिद्र पाडून, उलगडण्यापूर्वी उत्तर काढून दाखवावे आणि मग कागद उघडावा. आरशातील प्रतिमेसाठी खिशात मावणारा आरसा आकृतीशेजारी उभा धरावा. लपलेल्या आकृतीसाठी पारदर्शक कागदावर मूळ आकृती गिरवून ती पर्यायांवर सरकवून पाहावी. साधारण महिनाभर हाताने केल्यावर ही साधने काढून घ्यावीत, तोवर मुलांना ते नुसत्या नजरेने जमू लागलेले असते.

मालिकेच्या प्रश्नांत मुले संपूर्ण आकृतीकडे एकदम पाहून गोंधळतात. एका वेळी एकाच घटकाचा माग काढण्याची सवय लावावी: आधी फक्त बाण कोणीकडे वळतो ते पाहायचे, मग फक्त ठिपका, मग रेघांची संख्या. बाणाचा माग काढल्यावर चारपैकी दोन पर्याय बहुधा गळून पडतात.

अंकगणितात संख्याज्ञान, मूलभूत क्रिया, अपूर्णांक व दशांश अपूर्णांक, लसावि-मसावि, मापन, शेकडेवारी, परिमिती व क्षेत्रफळ, कोन आणि स्तंभालेख हे घटक येतात. बहुतेक भाग आपल्या पाठ्यपुस्तकांतून होतो, आणि जो होत नाही तो वेगळा शिकवावा लागतो. येथेही अडचण बऱ्याचदा वाचनाची असते. पुढील प्रश्न पाहा: "एका शाळेत ४० विद्यार्थी असून त्यांपैकी ४५ टक्के मुली आहेत, तर मुलगे किती?" आकडेमोड करणारे मूल ४० चे ४५ टक्के म्हणजे १८ काढते, पर्यायांत १८ दिसतो, आणि ते आनंदाने रंगवून मोकळे होते. प्रश्न मुलग्यांचा होता आणि उत्तर २२ आहे. यावर उपाय म्हणून काय विचारले आहे त्या शब्दाखाली रेघ ओढल्याशिवाय आकडेमोड सुरू करायची नाही, असा वर्गाचा नियम करावा आणि तो वर्षभर पाळावा. पाढे मात्र तीसपर्यंत पाठ हवेतच, त्याला पर्याय नाही.

भाषेच्या विभागात उतारे वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. रोज एक छोटा अपरिचित उतारा, मग तो वर्तमानपत्रातील असो वा किशोर मासिकातील, मनातल्या मनात वाचून घ्यावा. मोठ्याने वाचणारी, ओठ हलवणारी मुले सावकाश वाचतात, आणि परीक्षेच्या खोलीत तर त्यांना पर्यवेक्षक टोकतात. उत्तर आपल्या माहितीतून न देता उताऱ्यातून द्यायचे असते, हे मुलांना वारंवार सांगावे लागते.

६. उत्तरपत्रिका भरण्याचा वेगळा सराव

वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते ते येथे. मुले पाचवीपर्यंत पेन्सिलीने लिहितात आणि खोडरबर हा त्यांचा जिवलग मित्र असतो. या परीक्षेत ओएमआर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या, उत्तरपत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल रंगवायचा असतो, एकदा रंगवलेले उत्तर बदलता येत नाही, आणि खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. त्यामुळे दिवाळीपूर्वी किमान महिनाभर सर्व चाचण्या बॉलपेनने आणि छायाप्रत काढलेल्या नमुना उत्तरपत्रिकेवरच घ्याव्यात. खर्चाचा प्रश्न आला तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडावा, एवढ्या कामाला समिती सहसा नाही म्हणत नाही.

सर्वांत घातक चूक रांग सरकण्याची आहे. मूल सतरावा प्रश्न अवघड म्हणून सोडते आणि अठराव्याचे उत्तर सतराव्या ओळीत रंगवते. तेथून पुढची सगळी उत्तरे एकेक घर वर जातात, आणि हे लक्षात येते तेव्हा दुरुस्तीची सोय नसते. याकरिता प्रत्येक गोल रंगवण्यापूर्वी प्रश्नाचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणायचा आणि डाव्या हाताचे बोट त्या ओळीवर ठेवायचे, ही सवय लावावी. काही शिक्षक प्रश्नपत्रिकेवर सगळी खूण करून शेवटी एकदम गोल रंगवायला सांगतात. दहा वर्षांच्या मुलासाठी मला ते जोखमीचे वाटते, कारण वेळ संपल्याची घंटा झाली की अर्धे गोल कोरेच राहतात. दर पाच प्रश्नांनंतर पाच गोल भरावेत, हा मधला मार्ग चांगला चालतो.

प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवावेत याबद्दल मतभेद आहेत. आधी भाषा उरकावी असे काहीजण सांगतात, पण उड्या मारत सोडवण्याने रांग सरकण्याचा धोका वाढतो, म्हणून मी मुलांना प्रश्नपत्रिकेच्याच क्रमाने जायला सांगतो. आकृत्यांना एक तास, अंकगणिताला अर्धा आणि भाषेला अर्धा, हा हिशेब घड्याळ पाहून पाळायला शिकवावा. गुण कापले जात नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, मात्र अंदाजाने रंगवण्याचे काम शेवटच्या दहा मिनिटांतच करायचे.

७. चाचणीनंतर काय करायचे

गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत आणि क्रमवारी भिंतीवर लावू नये. प्रत्येक मुलाची चुकांची एक वही असावी, तिच्यात चुकलेला प्रश्न आणि चुकण्याचे कारण त्याने स्वतः लिहावे. कारणे चारच ठेवावीत: येत नव्हते, नीट वाचले नाही, घाई झाली, गोल चुकला. चार-पाच चाचण्यांनंतर वही उघडली की कोणत्या मुलाला गणित शिकवायचे आहे आणि कोणाला फक्त धीर धरायला शिकवायचे आहे, हे शिक्षकाला उमजते. पालकांशी बोलतानाही हीच वही समोर ठेवावी. "सर, याचा नंबर लागेल ना?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्यापेक्षा, "दादा, याच्या आठ चुकांपैकी पाच न वाचल्यामुळे झाल्या आहेत, घरी रोज अर्धा तास टीव्ही बंद ठेवून याला वाचू द्या" हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

शेजारच्या शाळेतील मुलांच्या गुणांशी तुलना, नंबर लागला तर सायकल घेण्याचे आमिष आणि न लागला तर शाळा सोडवून शेतात नेण्याची धमकी, हे सगळे घरोघरी चालते. दिवाळीनंतरच्या पालकसभेत या विषयावर स्पष्ट बोलावे. एरवी न रडणारी मुले परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोट दुखते म्हणून शाळेत येत नाहीत, त्यामागे बहुधा हेच असते.

८. परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्र आधीच उतरवून त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक पालकाकडे आणि एक शाळेत. केंद्र दूर असेल तर एसटीच्या वेळेवर विसंबू नये. सोबत दोन चालू बॉलपेन, प्रवेशपत्र आणि पाण्याची बाटली एवढे पुरे, मोबाइल वा कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण नको. नवे बूट आणि नवा गणवेश त्या दिवशी घालू नये, चावणारे बूट दोन तास सोसत नाहीत.

मुलांना काही वाक्ये तोंडपाठ करून घ्यावीत, कारण अनोळखी माणसासमोर ती सुचत नाहीत: "सर, माझी प्रश्नपत्रिका मराठी नाही", "मॅडम, माझे पेन चालत नाही", "सर, हे पान नीट छापलेले नाही". प्रश्नपत्रिका हाती येताच भाषा पाहायची, पाने मोजायची आणि तक्रार असेल तर हात वर करायचा, याचा नाट्यप्रवेश वर्गात एकदा जरूर करावा. मुलांना तो फार आवडतो आणि त्यातली भीडही मोडते. परीक्षा संपल्यावर फाटकाबाहेर उत्तरे तपासत बसू नये.

९. निकालानंतर

ज्याची निवड झाली त्याच्या कागदपत्रांची पडताळणी मुदतीत व्हावी याकडे लक्ष द्यावे आणि दाखला, रहिवास, जात व जन्मतारीख यांच्या मूळ प्रती तयार ठेवाव्यात. वसतिगृहात लागणाऱ्या सवयी उन्हाळ्यातच लावायला पालकांना सांगावे: स्वतःचे कपडे धुणे, ताट घासणे, अंथरूण घडी करणे, आणि त्रास झाल्यास तो मोठ्यांना सांगणे. आठवीपर्यंत सर्व काही मोफत असते. नववीपासून विद्यालय विकास निधी घेतला जातो, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना त्यातून सूट आहे. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील विद्यालयात पाठवले जाते, हे पालकांना आधीच माहीत असावे, ऐनवेळी ते घाबरतात.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना निकालाच्या दिवशी वर्गात सर्वांसमोर समजावत बसू नये, एकेकट्याशी बोलावे. त्यांच्यासाठी पुढचे दरवाजे उघडे आहेत. शिष्यवृत्ती परीक्षा आहे, मात्र तिच्या इयत्तांबाबत शासनाने २०२५ मध्ये पाचवी-आठवीऐवजी पुन्हा चौथी-सातवीचा निर्णय घेतल्यामुळे त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच मुलांना सांगावे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदयमध्येही नववीच्या रिक्त जागांसाठी आठवीतील मुलांची स्वतंत्र निवड परीक्षा होते. चुकांची वही या मुलांकडेच राहू द्यावी आणि सहावीच्या वर्गशिक्षकांना तिच्याबद्दल सांगून ठेवावे.